रक्तातला कारखाना

४ जून २०२१. मुंबईची लोकल सर्वसामान्यांसाठी बंद होती, कोविडची दुसरी लाट ओसरू लागली होती, पण इस्पितळात जायची भीती काही ओसरली नव्हती. त्या दिवशी खारघरला, टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’मधल्या बोन मॅरो ट्रान्सप्लांट विभागात, एका रुग्णाला एक पिशवी चढवली गेली. पिशवीत त्या रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी होत्या. त्या आधी काढून घेतल्या होत्या, पवईच्या आयआयटीत नेल्या होत्या, त्यांना एक नवं प्रथिन तयार करायला लावलं होतं आणि मग त्या ज्याच्या होत्या त्याला परत दिल्या होत्या. भारतातला हा पहिला कार-टी उपचार. ऑक्सिजन आणि रेमडेसिव्हिरच्या धावपळीत या बातमीकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

खारघर म्हणजे पनवेल तालुका, रायगड जिल्हा, आणि २०१६ पासून पनवेल महानगरपालिका. पत्त्यात मात्र सगळे ‘नवी मुंबई’च लिहितात. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला ‘ॲक्ट्रेक’ म्हटलं तर तो विचारात पडतो. ‘टाटा’ म्हटलं की मीटर न टाकता निघतो. सेक्टर २२ मधलं हे साठ एकरांचं आवार, मागे खारघरचा डोंगर. सकाळी ओपीडीच्या रांगेत मराठीपेक्षा भोजपुरी, बंगाली आणि हिंदीच जास्त कानावर पडते. हातात एक्स-रेची मोठी पाकिटं, काखेत चादरीची वळकटी, आणि बरोबरच्या माणसाच्या खिशात घडी घालून ठेवलेली, अंगठ्याने मळलेली चिठ्ठी. इथे जगातल्या सगळ्यात महागड्या औषधप्रकारांपैकी एकाचं देशी रूप उभं राहिलं, हे त्या रांगेतल्या बहुतेकांना ठाऊक नसतं. ठाऊक असून उपयोग काय, हा प्रश्नही आहेच. त्याकडे नंतर येतो.

कार-टीबद्दल मराठीत जे लिहिलं जातं त्यात ‘चमत्कार’ आणि ‘जनुकीय क्रांती’ हे शब्द फार. मला यातली गोष्ट त्याहून जुनी आणि जास्त कारखानदारीची वाटते. प्रथिन हे औषध म्हणून आपण शंभराहून जास्त वर्षं वापरतो आहोत, आणि त्यातल्या अडचणी पहिल्यापासून दोनच आहेत: ते बनवायचं कुठे, आणि रुग्णाच्या शरीरात नेमक्या जागी पोचवायचं कसं. घोडा, डुक्कर, जिवाणू, चिनी हॅम्स्टरच्या अंडाशयातली पेशी, असा हा कारखाना जागा बदलत आला. खारघरला तो रुग्णाच्याच रक्तात जाऊन बसला, एवढाच फरक. पण तो फरक मोठा आहे.

आधी प्रथिन-औषध वेगळं का, ते पाहू. ॲस्पिरिनच्या रेणूत २१ अणू असतात. असले रेणू रसायनशास्त्रज्ञ रिॲक्टरमध्ये हवे तितके बनवतात. आमच्या तळोजा एमआयडीसीत रसायनांची बरीच कामं चालतात, आणि रात्री वारा पडला की येणाऱ्या वासाबद्दल खारघरकर वर्षानुवर्षं तक्रारी करत आले आहेत. प्रथिनाचं तसं नाही. इन्सुलिन हे त्यातलं अगदी छोटं, तरी त्यात ५१ अमिनो आम्लं ठराविक क्रमाने गुंफलेली. प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, घेतलं तर अणूंची संख्या वीस हजारांच्या आसपास जाते. शिवाय ती साखळी ठराविक तऱ्हेने दुमडली गेली नाही तर सगळं फुकट. हे काम जिवंत पेशीच करू जाणे. आणि बनवून झालं तरी ते गिळता येत नाही. पोटाला इन्सुलिन आणि तुरीचं वरण यांत फरक कळत नाही. दोन्ही ते सारख्याच निष्ठेने पचवतं. म्हणून सुई.

१९२२ साली टोरांटोत पहिल्यांदा माणसाला इन्सुलिन टोचलं ते जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं. पुढची साठ वर्षं गाई-डुकरांच्या ग्रंथींवरच मधुमेही जगले. १९८२ मध्ये अमेरिकेत जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या मानवी इन्सुलिनला परवानगी मिळाली. भारतात वोक्हार्टचं मानवी इन्सुलिन, वोसुलिन, २००३ मध्ये आलं. प्रतिपिंडांसारखी अवजड प्रथिनं जिवाणूंना झेपत नाहीत, त्यासाठी हॅम्स्टरच्या पेशी मोठमोठ्या टाक्यांत वाढवाव्या लागतात. लिम्फोमावर चालणाऱ्या रिटुक्सिमॅबची भारतीय आवृत्ती डॉ. रेड्डीजने २००७ मध्ये आणली. आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात रबाळ्याला रिलायन्स लाइफ सायन्सेसमध्येही अशीच प्रथिन-औषधं बनतात. हा सगळा इतिहास भराभर सांगितला, कारण तो बऱ्याच जणांनी लिहिला आहे. रायगडातला इतिहास मात्र फारसा कुणी या चष्म्यातून पाहत नाही, म्हणून त्यापाशी जरा थांबतो.

भातलावणीच्या दिवसांत पनवेल, कर्जत, महाडकडे सर्पदंशाचे रुग्ण येतात. त्यांना दिली जाते ती लस नव्हे, प्रतिविष. आणि प्रतिविष हे शंभर टक्के प्रथिन-औषध आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष घोड्याला अगदी थोड्या मात्रेत टोचत न्यायचं. घोड्याच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडं तयार होतात. ती वेगळी काढून, शुद्ध करून, सुकवून कुपीत भरायची. परळच्या हाफकिनचं हे जुनं काम. त्यांचे घोडे पिंपरीला. कुपीतली भुकटी पाण्यात विरघळवून शिरेतून दिली की प्रतिपिंडं विष गाठून त्याला निकामी करतात. कारखाना घोडा, वाहतूक सलाइनची नळी.

पण घोड्याचं प्रथिन माणसाला परकं. त्यामुळे प्रतिविष देताना डॉक्टर हाताशी ॲड्रेनलिन भरून ठेवतात. काहींच्या अंगावर गांधी उठतात, थंडी भरते, रक्तदाब घसरतो. ज्याने जीव वाचतो तेच शरीराला शत्रू वाटतं. ग्रामीण रुग्णालयातल्या प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याने हे पाहिलेलं असतं.

याच जिल्ह्यात महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर आयुष्यभर काम केलं. लाल विंचवाच्या विषाने हृदय थकून माणसं दगावत. रक्तदाबावरच्या प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीने ती वाचू शकतात हे त्यांनी दाखवलं. पुढे २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांचा आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांचा अभ्यास आला: नुसतं प्राझोसिन, आणि प्राझोसिनबरोबर विंचवाचं प्रतिविष, यांची तुलना. प्रतिविष जोडलेले रुग्ण लवकर सावरले. छोटी गोळी आणि अवजड प्रथिन दोघं मिळून काम करतात, याची चाचणी महाडसारख्या गावात झाली. खारघरच्या चाचणीबद्दल बोलताना मला महाड आठवतं ते यासाठी. उच्च तंत्रज्ञान तेवढं मुंबईत आणि जिल्ह्यात फक्त रुग्ण, अशी वाटणी रायगडने कधीच मान्य केलेली नाही.

घोड्याची ही परकेपणाची अडचण कार-टीत उंदराच्या रूपाने येते.

आपल्या रक्तातल्या टी-पेशी शरीरातल्या पहारेकरी पेशी. विषाणूने बाधित झालेली पेशी त्या ओळखतात आणि मारतात. कर्करोगाच्या पेशीला मात्र त्या बऱ्याचदा ओळखत नाहीत, कारण ती आपल्यातलीच, बिघडलेली. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत झेलिग एशहार यांनी १९८९ मध्ये दाखवलं की प्रतिपिंडाचं टोक टी-पेशीच्या अंगावर बसवता येतं. मग ती पेशी प्रतिपिंडासारखी नेमकं ओळखते आणि टी-पेशीसारखी मारते. दोन वेगळ्या गोष्टी जोडून केलेलं हे ग्राहक प्रथिन म्हणजेच ‘कार’. त्याचं बाहेरचं टोक ओळखायचं, मधला भाग पेशीच्या आवरणात रुतलेला, आणि आतलं शेपूट ‘हल्ला कर, टिकून राहा, वाढत जा’ असा निरोप देणारं.

ओळखायचं काय? बी-पेशींच्या पृष्ठभागावर सीडी१९ नावाचं एक प्रथिन असतं. बी-पेशींपासून होणारे ल्युकेमिया आणि लिम्फोमा यांतल्या बहुतेक कर्करोगी पेशींवरही ते असतं. सीडी१९ अचूक पकडणारं एक प्रतिपिंड ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या फ्लिंडर्स मेडिकल सेंटरमध्ये तयार झालं होतं. त्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव एफएमसी६३. ते उंदराचं प्रतिपिंड. जगातली पहिली कार-टी औषधं याच उंदराच्या तुकड्यावर उभी आहेत. अमेरिकेत ३० ऑगस्ट २०१७ रोजी मंजूर झालेलं नोव्हार्टिसचं किमरिया त्यातलंच. उंदराचा तुकडा म्हणजे परका तुकडा. काही रुग्णांच्या शरीराने तो ओळखून आपल्याच औषधी पेशी मारून टाकण्याचा धोका.

आयआयटी मुंबईच्या जैवविज्ञान आणि जैवअभियांत्रिकी विभागातल्या राहुल पुरवार यांनी २०१३ च्या सुमारास अमेरिकेतून परतल्यावर ज्या कामाला हात घातला त्याचा गाभा इथे आहे. एफएमसी६३ चा पकडणारा भाग तेवढा तसाच ठेवायचा आणि भोवतालची चौकट मानवी प्रथिनाची करायची. सांगायला एक वाक्य, करायला अनेक वर्षं. चौकट बदलली की पकड सैल होऊ शकते, प्रथिन नीट दुमडलं जात नाही, पेशीच्या पृष्ठभागावर येतच नाही. अलका द्विवेदी, अथर्व करुलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात या मानवी चौकटीच्या कारचं प्राण्यांवरचं काम मांडलं आहे. त्यातली लक्षात ठेवायची गोष्ट अशी: नव्या पेशी गाठ तितक्याच जोमाने मारत होत्या, पण सायटोकाइन कमी सोडत होत्या. सायटोकाइन म्हणजे पेशींनी एकमेकींना दिलेल्या आरोळ्या. त्यांचा गलका अति झाला तर रुग्णच जातो. २०१८ मध्ये आयआयटीच्या आवारातच ‘इम्युनोॲक्ट’ ही कंपनी निघाली. रुग्णांची बाजू सांभाळली टाटाच्या डॉक्टरांनी, मुलांसाठी डॉ. गौरव नरुला, प्रौढांसाठी डॉ. हसमुख जैन आणि त्यांचे सहकारी. केंद्राच्या नॅशनल बायोफार्मा मिशनने टाटा-आयआयटीच्या या चाचणीसाठी १९.१५ कोटी रुपये मंजूर केले. हा आकडा लक्षात ठेवा.

इथे एका बाईंना मधे आणल्याशिवाय पुढे जाववत नाही. कार-टीच्या कुठल्याही बातमीत त्यांचं नाव नसतं आणि ते असायला हवं असं माझं ठाम मत आहे. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, जन्म पुणे, ८ नोव्हेंबर १९१७. हुजूरपागा, फर्ग्युसन, मग मुंबईला वसंत रामजी खानोलकरांकडे संशोधन. डॉक्टरेटनंतर बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत. हे गाय म्हणजे ज्यांनी ‘हेला’ या मानवी पेशी पहिल्यांदा शरीराबाहेर वाढवत ठेवल्या तेच. मुंबईला परतल्यावर इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये रणदिवेंनी देशातली पहिली पेशीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. माणसाची पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवायची, तिला खायला घालायचं, ऊब द्यायची, जिवाणूंपासून जपायचं, ही सगळी कार-टीची मूळ कारागिरी. १९५२ मध्ये परळला सुरू झालेली ती संस्था पुढे कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट झाली आणि २००२ मध्ये खारघरला आली; तीच आजची ॲक्ट्रेक. म्हणजे वारसा थेट आहे. १९७३ मध्ये रणदिवेंनी इतर वैज्ञानिक स्त्रियांबरोबर स्थापन केलेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेचं मुख्यालय आजही वाशीला आहे. हार्बर लाइनवर वाशी ते खारघर अंतर ते किती. पण या दोन पत्त्यांमधला धागा सांगणारी एक पाटीसुद्धा माझ्या पाहण्यात नाही.

टाटाच्या बोन मॅरो विभागालाही जुना पाया आहे. १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी परळला नऊ वर्षांच्या एका मुलीवर, तिच्या भावाचा मॅरो घेऊन, प्रत्यारोपण यशस्वी केलं. हा विभाग पुढे खारघरला आला. निर्जंतुक खोली, पांढऱ्या पेशी शून्यावर गेलेला रुग्ण, रात्री दोन वाजता चढणारा ताप, हे सारं पाहिलेल्या परिचारिका तिथे होत्या. नवीन औषधाची चाचणी असल्या वॉर्डातच करता येते. यंत्रं विकत घेता येतात, असा वॉर्ड घेता येत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. रुग्णाला एका खुर्चीत किंवा पलंगावर बसवून रक्त एका यंत्रातून फिरवतात. यंत्र पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून बाकीचं रक्त परत देतं. याला ॲफेरेसिस म्हणतात. काही तास जातात, हात हलवायचा नाही, ओठांना मुंग्या येतात (गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम खेचतं) आणि मग परिचारिका कॅल्शियम देते. जमलेली पिशवी क्लीन रूममध्ये जाते. तिथे टी-पेशींना चेतवतात, मग त्यांच्यात लेंटिव्हायरस सोडतात. हा एचआयव्हीच्या कुळातला, पण रोग करणारे आणि स्वतःची पिलावळ वाढवणारे भाग काढून टाकलेला. त्याच्याकडे काम एकच: कारचा आराखडा पेशीच्या केंद्रकात नेऊन तिच्या डीएनएत चिकटवायचा. विषाणू हा इथे टपालवाला. पत्र दिलं की त्याचं काम संपलं. त्यानंतर पेशी स्वतःच ते प्रथिन बनवत राहतात आणि त्यांच्या लेकीही बनवतात. कोटींनी वाढल्या की तपासून, गोठवून ठेवतात.

दरम्यान रुग्णाला फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फमाइड या औषधांनी तयार करतात, म्हणजे त्याच्या जुन्या लिम्फोसाइट कमी करून नव्यांना जागा करतात. चढवायचा दिवस येतो. गोठवलेली पिशवी पलंगाशेजारी कोमट पाण्यात वितळवतात. नाव, नंबर, जन्मतारीख दोघांनी मोठ्याने वाचून जुळवायची, कारण इथे चुकीची पिशवी म्हणजे दुसऱ्याच माणसाचा कारखाना. मग ती काही मिनिटांत रिकामी होते. नातेवाइकांना हे फार अपुरं वाटतं. इतके महिने वाट पाहिली ती एवढ्याशा पिशवीसाठी? गोठवताना पेशी फुटू नयेत म्हणून घातलेला डीएमएसओ हा द्रव श्वासातून बाहेर पडतो आणि खोलीत लसणीसारखा वास दरवळतो. एकदोन दिवस राहतो.

खरी परीक्षा नंतर. पेशी कर्करोगाला भिडल्या की ताप येतो, रक्तदाब पडतो. याला सायटोकाइन रिलीज सिंड्रोम म्हणतात. २०१२ मध्ये फिलाडेल्फियाला एमिली व्हाइटहेड ही लहान मुलगी या तापाने मरणाच्या दारात गेली होती. तिच्या रक्तात इंटरल्युकिन-६ प्रचंड वाढलेलं दिसलं. संशोधक कार्ल जून यांच्या स्वतःच्या मुलीला संधिवात होता, त्यामुळे इंटरल्युकिन-६ अडवणारं टोसिलिझुमॅब हे संधिवाताचं औषध त्यांना ठाऊक होतं. ते दिलं आणि एमिली शुद्धीवर आली. गंमत बघा, टोसिलिझुमॅबही प्रतिपिंडच. एका प्रथिनाने उठवलेलं वादळ दुसऱ्या प्रथिनाने शमवलं. आज कार-टी देणाऱ्या प्रत्येक वॉर्डच्या फ्रिजमध्ये त्याच्या कुप्या आधी ठेवल्या जातात, मगच पिशवी वितळवतात.

दुसरा धोका मेंदूला. त्यासाठी वॉर्डात रोज एक छोटी परीक्षा घेतात, जी मला या साऱ्या प्रकरणातली सगळ्यात माणुसकीची गोष्ट वाटते. साल कोणतं, महिना कोणता, गाव कोणतं, हे कुठलं इस्पितळ? घड्याळ, पेन, बटण दाखवून ‘हे काय?’ शंभरपासून दहा-दहाने उलट मोजा. आणि एक वाक्य लिहा. रोज तेच. काल नीट होतं ते अक्षर आज ओळीखाली घसरलं, एखादा काना राहिला, तर स्कॅनच्याही आधी डॉक्टर सावध होतात. कोट्यवधींच्या तंत्रज्ञानाचा पहिला इशारा बॉलपेनाने दिलेला असतो.

तिसरी गोष्ट कुणी फार बोलत नाही. या पेशी कर्करोगी आणि निरोगी बी-पेशींत भेद करत नाहीत. सीडी१९ दिसलं की मारतात. बी-पेशी गेल्या म्हणजे प्रतिपिंडं बनवणारी फळीच गेली. मग काही रुग्णांना इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागतं, म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून गोळा केलेली प्रतिपिंडं. पुन्हा प्रथिन, पुन्हा सुई, पुन्हा बिल.

ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकाने या उपचाराला बाजारपरवानगी दिली. नाव नेक्सकार१९; शास्त्रीय नाव टॅलिकॅब्टाजीन ऑटोल्युसेल. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईला त्याचं लोकार्पण झालं. चाचणीचे सविस्तर निष्कर्ष मार्च २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त आले. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यात मिळून ६४ रुग्ण, सगळे असे की ज्यांचा कर्करोग आधीच्या उपचारांना दाद देत नव्हता किंवा उलटून आला होता. ज्यांचं मूल्यमापन करता आलं त्यांतल्या सुमारे ७३ टक्क्यांना प्रतिसाद मिळाला. तीव्र सायटोकाइन वादळ थोड्याच रुग्णांत दिसलं. मानवी चौकटीची ती कारागिरी इथे कामी आली असावी. वर्तमानपत्रांनी ७३ टक्के उचलले आणि तिथेच थांबले. पण त्याच निबंधात उपचारामुळे झालेले मृत्यूही नोंदवले आहेत, रक्तपेशी खाली जाण्याचं प्रमाण मोठं आहे, आणि प्रतिसाद मिळालेल्या सगळ्यांचा तो टिकला नाही. ल्युकेमियात तर रोग परतणं वारंवार दिसतं. ‘कर्करोग बरा करणारं भारतीय औषध’ असं व्हॉट्सॲपवर फिरवणाऱ्यांनी हा भाग वाचावा. ज्याच्यापुढे दुसरा मार्गच उरलेला नव्हता त्याच्यासाठी हे आकडे तरीही फार मोठे आहेत, हेही खरं.

आता पैसे. किमरियाची अमेरिकेतली सुरुवातीची किंमत ४,७५,००० डॉलर, तेव्हाच्या दराने सुमारे तीन कोटी रुपये, इस्पितळाचा खर्च वेगळा. नेक्सकार१९ च्या पहिल्या काही रुग्णांच्या बातम्यांत आकडा आला तो ४२ लाखांच्या आसपासचा. ‘दहापट स्वस्त’ हे शब्द तिथून आले, हिशेबात मात्र फरक तितका भरत नाही. स्वस्त झालं ते कशामुळे? आपल्याकडे पगार कमी म्हणून, हे सोपं उत्तर. खरं उत्तर असं की लेंटिव्हायरस, जो बाहेरून मागवला तर एकेका रुग्णामागे प्रचंड महाग पडतो, तो या मंडळींनी स्वतः बनवला. आणि रुग्ण सांभाळण्याचं सर्वात जोखमीचं काम सरकारी इस्पितळाने पगारी डॉक्टरांकडून केलं.

आणखी खाली यायला अडथळा कुठे आहे, तेही यातच दिसतं. पॅरासिटामॉलच्या एका बॅचमध्ये लाखो गोळ्या असतात आणि त्या बॅचची तपासणी एकदाच होते. इथे एक रुग्ण म्हणजे एक बॅच. निर्जंतुकता, मायकोप्लाझ्मा, एंडोटॉक्सिन, पेशींची संख्या, त्यांत कार बसलेल्या किती, डीएनएत आराखड्याच्या प्रती किती, या साऱ्या चाचण्या एका पिशवीसाठी, एका माणसाच्या खर्चाने. एखाद्याच्या पेशी वाढल्याच नाहीत तर सारं मुसळ केरात. कारखाना रुग्णाच्या रक्तात नेला खरा, पण त्याची कागदपत्रं, क्लीन रूम आणि तपासनीस मागे नवी मुंबईतच राहिले, आणि त्यांचा पूर्ण पगार एकेक रुग्ण भरतो.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं कवच कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचं आहे. ४२ लाखांतून ते वजा करून बघा. ॲक्ट्रेकच्या आवाराजवळ लहान रुग्णांच्या कुटुंबांना मोफत राहायला जागा देणारी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत. तिथे राहणाऱ्या आईवडिलांना ३७ लाख म्हणजे किती शून्यं, हे विचारण्यात अर्थ नाही. चाचणीत सहभागी झालेल्यांना उपचार विनामूल्य होते. परवानगी मिळाल्यावर औषध बाजारात गेलं आणि तीच खाट, तेच डॉक्टर, तीच पिशवी विकत घ्यायची झाली. आता त्या १९.१५ कोटींकडे या. ४२ लाखांच्या दराने तेवढ्यात साधारण ४५ रुग्णांचे उपचार होतात. जनतेच्या पैशाने चाचणी झाली असेल तर तयार औषधाच्या करारात दरवर्षी किमान ठराविक खाटा टाटाच्या जनरल वॉर्डसाठी राखून ठेवाव्यात, एवढं तरी मागायला काय हरकत आहे? कंपनीलाही पुढच्या संशोधनासाठी नफा लागतो, हे मान्य. पण अशी अट सुरुवातीलाच घालायची असते, मंजुरीनंतर नाही.

भारतात आता स्पर्धाही आहे. बेंगळुरूच्या इम्युनीलने बार्सिलोनाच्या एका इस्पितळात विकसित झालेलं कार-टी आणून जानेवारी २०२५ मध्ये बाजारात उतरवलं. स्पर्धेने दर उतरतील, पण बॅचचं गणित स्पर्धेने बदलत नाही. ते बदलेल ते पुढच्या पिढीच्या प्रयोगांनी, आणि तिथे गोष्ट पुन्हा ‘पोचवायचं कसं’ यावरच येते. पेशी बाहेर काढायच्याच नाहीत. कारचा संदेश एमआरएनएच्या रूपात, चरबीच्या सूक्ष्म थेंबात बांधून, थेट शिरेतून टी-पेशींपर्यंत पाठवायचा. अमेरिकेत माकडांवर हे करून झालं आहे, माणसांवरच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत. ते साधलं तर औषध पुन्हा कुपीत येईल, एका बॅचमध्ये हजारो कुप्या बसतील आणि ॲफेरेसिसची खुर्चीही लागणार नाही. धोका असा की थेंब टी-पेशीऐवजी यकृतात जाऊन बसतात. त्यांचा स्वभावच तो. एमआरएनए आणि त्याचे चरबीचे थेंब बनवायची कला आपल्याकडे नाही असंही नाही: पुण्यात हिंजवडीच्या जेनोव्हाने बनवलेल्या एमआरएनए कोविड लशीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन परवानगी मिळाली होती, आणि ती लस साध्या फ्रिजच्या तापमानात टिकणारी होती. हिंजवडीहून पवईला काय किंवा खारघरला काय, यायचा रस्ता एकाच एक्स्प्रेसवेवरून जातो. एक्स्प्रेसवे संपतो तोही कळंबोलीला, पनवेलच्या वेशीवर. पुढचा करार या तिघांत झालाच तर त्यातलं खाटांचं कलम कोण लिहितं, ते बघायचं.